लिलावातील गुप्त राखीव किंमत : शब्द, व्यवहार आणि न्याय

१

मराठीतील ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीज ‘लेइलांव’ या शब्दापासून आलेला आहे. गोव्याचे कोशकार सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी पोर्तुगीज शब्दांचा आशियाई भाषांतील प्रसार नोंदविणारा आपला ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध केला. त्यात या शब्दाचा प्रवास कोकणी व मराठीपासून हिंदीतील ‘नीलाम’पर्यंत दाखविलेला आहे. पोर्तुगीज शब्दाचे मूळ अरबीत असून ‘जाहीर करणे, कळविणे’ असा अर्थ असलेल्या धातूपासून तो बनलेला आहे. मराठीतील ‘मालूम’, ‘तालीम’ आणि ‘इलम’ हे शब्दही याच धातूचे होत. म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने लिलाव ही मुळात विक्री नसून घोषणा आहे. जे कोणाला ठाऊक नव्हते ते सर्वांना ठाऊक करून देणे, हा त्या शब्दाचा गाभा होय.

मराठवाडा व विदर्भाच्या बाजारपेठांत याच व्यवहारास ‘हर्रास’ किंवा ‘हर्रासी’ म्हणतात. हाही अरबीतून फारसी-दख्खनीमार्गे आलेला शब्द आहे. गोव्यातील देवस्थानांत देवास वाहिलेल्या वस्तू बोली लावून विकतात, त्या विक्रीस ‘पावणी’ ही संज्ञा रूढ आहे. युरोपीय भाषांत दोन वेगळ्या कल्पना दिसतात. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘वाढविणे’ हे क्रियापद आहे. इटालियन ‘आस्ता’ आणि स्पॅनिश ‘सुबास्ता’ या शब्दांत मात्र रोमन सैनिकांच्या भाल्याची स्मृती आहे. युद्धात मिळालेली लूट जमिनीत रोवलेल्या भाल्याखाली विकली जाई. भाला हे सत्तेचे चिन्ह होते आणि विक्री उघड व अधिकृत आहे याचे ते निदर्शक होते. वाढ, भाला आणि घोषणा या तिन्ही कल्पनांत उघडपणा गृहीत धरलेला आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

अशा या उघड व्यवहाराच्या मध्यभागी एक गुप्त आकडा येऊन बसला. विक्रेता मनाशी एक किंमत ठरवितो आणि तिच्याखाली वस्तू द्यावयाची नाही असे लिलावदारास सांगून ठेवतो. बोली लावणाऱ्यांना मात्र तो आकडा सांगितला जात नाही. या आकड्यास ‘गुप्त राखीव किंमत’ म्हणतात. संगणकाच्या जाळ्यावरील लिलावांत हा प्रकार लक्षावधी सामान्य ग्राहकांच्या अनुभवास आला आणि ‘हे न्याय्य आहे काय?’ हा प्रश्न नव्याने विचारला जाऊ लागला. वस्तुतः हा प्रश्न सुमारे अडीचशे वर्षांचा जुना आहे. त्याची जुनी उत्तरे तपासल्यावाचून नव्या प्रश्नाचा उलगडा व्हावयाचा नाही.

२

इ. स. १७७६ मध्ये इंग्लंडच्या किंग्ज बेंच न्यायालयात एक दावा चालला. एका मनुष्याने आपला घोडा ख्रिस्टी नावाच्या लिलावदाराकडे विक्रीस दिला होता. पंधरा पौंडांखाली घोडा विकू नये, अशी त्याची खाजगी सूचना होती. लिलावाच्या जाहीर अटींत मात्र घोडा सर्वांत मोठी बोली लावणाऱ्यास मिळेल, असे म्हटलेले होते. घोडा पंधरा पौंडांहून कमी किंमतीस गेला आणि मालकाने लिलावदारावर फिर्याद केली. लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी मालकाविरुद्ध निर्णय दिला. त्यांच्या विवेचनाचा आशय असा की, सर्व व्यवहारांचा पाया सद्भाव हा आहे. मालकास किंमत राखावयाची असेल तर त्याने वस्तू त्या किंमतीपासूनच उघडपणे पुकारावी, अथवा स्वतःसाठी बोलीचा हक्क जाहीरपणे राखून ठेवावा. गुपचूप आपला मनुष्य उभा करून बोली चढविणे म्हणजे इतर बोलीदारांची फसवणूक होय.

या निर्णयात एक सूक्ष्म भेद दडलेला आहे. किंमत राखण्याचा मालकाचा हक्क मॅन्सफील्ड यांनी नाकारला नाही. आक्षेप होता तो राखण्याच्या रीतीला. जाहीर अट एक आणि खाजगी सूचना दुसरी, या विसंगतीत त्यांना अन्याय दिसला.

पुढे १७८९ साली ‘पेन विरुद्ध केव्ह’ या खटल्यात बोली म्हणजे खरेदीदाराने केलेला प्रस्ताव होय आणि हातोडा पडेपर्यंत तो मागे घेता येतो, असे ठरले. बोलीदारास मोकळीक मिळाली तशी मालकासही मिळाली. हातोडा पडेपर्यंत वस्तू विकण्याचे बंधन त्याच्यावरही राहिले नाही. तथापि भाडोत्री बोलीदारांचा प्रश्न सुटला नव्हता. सामान्य कायद्याच्या न्यायालयांनी मॅन्सफील्ड यांची परंपरा चालविली, तर अठराव्या शतकाच्या अखेरीस समन्यायाच्या न्यायालयांनी मालकाच्या संरक्षणासाठी एक बोलीदार ठेवण्यास हरकत नसल्याचे मानले. एकाच देशात, एकाच प्रकारच्या लिलावाविषयी, दोन प्रकारच्या न्यायासनांसमोर दोन निराळी उत्तरे मिळू लागली.

१८५९ सालच्या ‘वॉर्लो विरुद्ध हॅरिसन’ या खटल्याने प्रश्नाची दुसरी बाजू उजेडात आणली. ‘जॅनेट प्राइड’ नावाची घोडी राखीव किंमतीवाचून विकली जाईल, अशी जाहिरात झाली होती. एका खरेदीदाराने साठ गिनी बोली लावली. त्यावर एकसष्ट गिनींची बोली आली, पण ती खुद्द मालकाची होती. राखीव किंमत नाही असे जाहीर केल्यानंतर मालकाने बोली लावणे हे वचनभंगासारखे आहे, अशी न्यायाधीशांची भूमिका झाली. हेच तत्त्व एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, २००० साली, इंग्लंडच्या अपील न्यायालयाने पुन्हा उचलून धरले. सुमारे चौदा हजार पौंड किंमतीचे एकेक यंत्र दोनशे पौंडांच्या बोलीस देण्याचे नाकारून लिलावदाराने दोन यंत्रे विक्रीतून काढून घेतली होती. लिलाव राखीव किंमतीवाचून होता, म्हणून त्याला बोलीदारास २७,६०० पौंड नुकसानभरपाई द्यावी लागली.

विधिमंडळाने हा गोंधळ दोन पायऱ्यांनी मिटविला. जमिनीच्या लिलावांविषयीच्या १८६७ च्या कायद्याने असे बंधन घातले की, विक्री राखीव किंमतीवाचून आहे, राखीव किंमतीच्या अधीन आहे, की बोलीचा हक्क राखून आहे, हे विक्रीच्या तपशिलात सांगितलेच पाहिजे. १८९३ च्या मालविक्री कायद्यातील अठ्ठावन्नाव्या कलमाने हेच धोरण जंगम वस्तूंना लागू केले. हिंदुस्थानात १८७२ च्या करार कायद्याच्या १२३ व्या कलमानुसार खोट्या बोलींनी किंमत चढविल्यास खरेदीदाराच्या इच्छेनुसार विक्री रद्द होऊ शके. ते कलम पुढे १९३० च्या मालविक्री कायद्यात चौसष्टाव्या कलमाचा भाग बनले.

या सर्व कायद्यांचा एक समान विशेष आहे. राखीव किंमत आहे किंवा नाही हे सांगण्यावर त्यांचा भर आहे. ती किती आहे हे सांगण्याचे बंधन ते घालीत नाहीत. ‘आहे’ आणि ‘किती’ या दोन शब्दांमधील या अंतरातच गुप्त राखीव किंमतीचा पुढील सर्व इतिहास घडला.

३

विसाव्या शतकात लंडन व न्यूयॉर्क येथील कलावस्तूंच्या लिलावगृहांनी या अंतराचा पुरेपूर उपयोग केला. ग्रंथसूचीप्रमाणे छापलेल्या सूचीत प्रत्येक चित्राची अंदाजी किंमत खालच्या व वरच्या अशा दोन आकड्यांत दिली जाते. राखीव किंमत मात्र गुप्त असते. ती खालच्या अंदाजाहून अधिक नसावी, एवढाच दंडक पाळला जातो. बोली राखीव किंमतीपर्यंत पोचेपर्यंत लिलावदार विक्रेत्याच्या वतीने स्वतःच बोली पुकारतो. सभागृहात कोणीही हात वर केलेला नसताना तो छताकडे किंवा भिंतीकडे पाहून आकडा उच्चारतो, म्हणून धंद्याच्या भाषेत तिला ‘झुंबराची बोली’ असे नाव पडले.

भाषाव्यवहाराच्या दृष्टीने हा प्रकार विलक्षण आहे. ‘बोली’ हा शब्द ‘बोलणे’ या क्रियापदापासून आलेला आहे आणि बोलण्यास वक्ता हवा. झुंबराच्या बोलीत उच्चार आहे, पण त्यामागे खरेदीची इच्छा धरणारा कोणीही नाही. ऐकणारा मात्र वक्ता आहे असे समजतो आणि त्या समजुतीवर आपली पुढची बोली बेततो. आपल्याखेरीज आणखी कोणाला तरी हे चित्र हवे आहे, ही माहिती त्याला मिळाल्यासारखी वाटते. आणि ती माहिती खोटी असते.

या प्रथेची परिणती १९८१ साली न्यूयॉर्कमध्ये दिसून आली. ख्रिस्टी या लिलावगृहाने आठ चित्रांचा एक संग्रह विक्रीस काढला. प्रत्यक्षात त्यांपैकी एकच विकले गेले. बाकीची राखीव किंमतीपर्यंत पोचली नाहीत. तेथील प्रमुख डेव्हिड बॅथर्स्ट यांनी मात्र तीन चित्रे विकली गेल्याचे जाहीर केले. १९८५ साली सत्य बाहेर आले तेव्हा त्यांना पद सोडावे लागले आणि संस्थेस दंड भरावा लागला. त्यानंतर १९८७ मध्ये न्यूयॉर्क शहराने नियम कडक केले. राखीव किंमत असलेल्या वस्तूपुढे सूचीत खूण असावी आणि न विकली गेलेली वस्तू तशी असल्याचे जागीच सांगावे, असे त्यात ठरले. झुंबराची बोली मात्र राखीव किंमतीच्या खाली चालू ठेवण्यास मुभा राहिली. २०२२ साली व्यवसायावरील निर्बंध हलके करण्याच्या धोरणात शहराने हे नियमही काढून टाकले. घोषणेची सक्ती जाण्यास पस्तीस वर्षे पुरली.

४

अर्थशास्त्रज्ञांनी हा प्रश्न निराळ्या अंगाने हाताळला. विल्यम विक्री यांच्या १९६१ सालच्या निबंधाने लिलावांच्या गणिती विवेचनास आरंभ झाला. १९८१ मध्ये रॉजर मायर्सन यांनी, आणि त्याच वर्षी रायली व सॅम्युएलसन यांनी, असे सिद्ध केले की अधिकतम उत्पन्न हवे असेल तर विक्रेत्याने राखीव किंमत स्वतःच्या दृष्टीने वस्तूचे जे मूल्य असेल त्याहूनही वर ठेवावी. क्वचित वस्तू विकली न जाण्याचा धोका पत्करूनही त्यात त्याचा फायदा आहे. परंतु ही किंमत गुप्त असावी, असे त्या सिद्धान्तांतून निघत नाही. १९८२ साली पॉल मिलग्रोम व रॉबर्ट वेबर यांनी तर उलट दिशेचा निष्कर्ष काढला. वस्तूविषयी विक्रेत्यास जे ठाऊक आहे ते त्याने नियमाने जाहीर केल्यास सरासरीने किंमत वाढते, असे त्यांनी दाखविले.

मग व्यवहारात गुपित का? १९८९ साली ऑर्ली ॲशेनफेल्टर यांनी मद्य व कलावस्तूंच्या लिलावांचे विवेचन करताना धंद्यातील लोकांचे उत्तर नोंदविले : खरेदीदारांच्या संगनमतास आळा घालण्यासाठी. व्यापारी आपसांत ठरवून एकमेकांविरुद्ध बोली लावीत नाहीत, वस्तू स्वस्तात घेतात आणि नंतर आपसांत दुसरा लिलाव करून नफा वाटून घेतात. इंग्लंडने या संगनमताविरुद्ध १९२७ साली स्वतंत्र कायदा केला होता. राखीव किंमत जाहीर असेल तर अशी टोळी नेमकी तेवढीच बोली लावून थांबेल. ती गुप्त असेल तर टोळीस अंदाजाने वर चढावे लागेल. १९९५ साली डॅनियल व्हिन्सेंट यांनी आणखी एक कारण मांडले. उघड व उंच राखीव किंमत पाहून काही बोलीदार मुळातच येत नाहीत. त्यांच्या न येण्याने वस्तूच्या मूल्याविषयीची त्यांच्याजवळची माहितीही लिलावास मुकते. किंमत गुप्त ठेवली तर ते येतात आणि स्पर्धा वाढते.

उंच व उघड राखीव किंमत बोलीदारांना दूर ठेवते याचे उदाहरण भारतातही घडले आहे. २०१० साली तिसऱ्या पिढीच्या दूरसंचार लहरींच्या लिलावात संपूर्ण देशासाठी राखीव किंमत ३,५०० कोटी रुपये जाहीर केलेली होती आणि बोली १६,७५० कोटींच्या वर गेली. त्यानंतर नोव्हेंबर २०१२ च्या लिलावात पाच मेगाहर्ट्झसाठी अखिल भारतीय राखीव किंमत १४,००० कोटी रुपये ठेवण्यात आली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कर्नाटक व राजस्थान या परिमंडळांसाठी एकही बोली आली नाही. आकडा उघड होता, म्हणून कोणी फसले नाही. पण कोणी आलेही नाही.

५

सप्टेंबर १९९५ मध्ये पिएर ओमिद्यार यांनी कॅलिफोर्नियात संगणकजालावरील लिलावाचे दालन उघडले. १९९७ पासून ते ‘ईबे’ या नावाने ओळखले जाऊ लागले. मुंबईत २००० साली ‘बाझी’ हे तत्सम दालन निघाले. २००४ मध्ये ते ईबेने पाच कोटी डॉलरांस विकत घेतले, आणि २०१८ मध्ये ईबेचे भारतीय दालन बंद झाले.

या दालनांत लिलावदाराचा आवाज नाहीसा झाला आणि त्याच्या जागी एक लिखित ओळ आली : ‘राखीव किंमत अद्याप गाठलेली नाही.’ ही ओळ साधी दिसली तरी तिचे ऐतिहासिक महत्त्व मोठे आहे. सभागृहातील खरेदीदारास राखीव किंमत गाठली गेली की नाही हे हातोडा पडेपर्यंत नक्की कळत नसे. जालावर तो प्रत्येक क्षणी कळतो. ‘आहे काय?’ आणि ‘ओलांडली काय?’ या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली, ‘किती?’ हे एकच उत्तर झाकलेले राहिले. शिवाय विक्रेत्याच्या वतीने लिलावदाराने बोली चढविण्याचे कारणही उरले नाही, कारण राखीव किंमतीचे रक्षण यंत्रच करू लागले.

तरीही खरेदीदारांची तक्रार थांबली नाही, आणि तिला आधार होता. ईबेवर बोलीदार आपली कमाल किंमत यंत्रास सांगून ठेवतो आणि यंत्र त्याच्या वतीने गरजेपुरतेच वर चढते. परंतु ती कमाल किंमत राखीव किंमतीहून अधिक असली, तर चालू बोली एकदम राखीव किंमतीवर जाऊन बसते. दुसरा कोणी स्पर्धक नसला तरी हे घडते. एका डॉलरपासून आरंभ झालेली वस्तू पाहून खरेदीदार येतो, दिवसचे दिवस तिच्यावर लक्ष ठेवतो आणि अखेरीस कळते की ती त्याच्या आवाक्यात कधीच नव्हती. त्याचे धन जात नाही. जातो तो वेळ आणि विश्वास. विक्रेत्याची हानी शून्य आणि शेकडो अनोळखी माणसांची थोडी थोडी हानी, अशी ही विभागणी असते. पसरलेली हानी हिशेबात येत नाही, म्हणून ती हानीच नव्हे असे मानण्याकडे कल होतो. तो कल न्यायाच्या दृष्टीने स्वीकारार्ह नाही.

विक्रेत्यास तरी यातून लाभ होतो काय? रामा कटकर आणि डेव्हिड रायली यांनी याची प्रत्यक्ष परीक्षा केली; त्यांचा निबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. पोकेमॉन या खेळाच्या पत्त्यांच्या पन्नास सारख्या जोड्या त्यांनी ईबेवर विकल्या. प्रत्येक जोडीतील एक पत्ता उघड किमान बोलीने आणि दुसरा तेवढ्याच गुप्त राखीव किंमतीने विक्रीस ठेवला. गुप्त पद्धतीत विक्री होण्याची शक्यता घटली, गंभीर बोलीदार कमी झाले आणि मिळालेली किंमतही उतरली. दुसऱ्या बाजूस, पॅट्रिक बजारी व अली होर्ताचसू यांनी २००३ साली नाण्यांच्या लिलावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गुप्त राखीव किंमत मुख्यतः मौल्यवान नाण्यांसाठी वापरली जाते आणि तेथे कमी आरंभबोलीशी तिची सांगड घालणे विक्रेत्यास हितावह ठरू शकते, असे त्यांच्या विवेचनातून दिसते. म्हणजे स्वस्त वस्तूंत गुपित बहुधा विक्रेत्याच्याच हिताविरुद्ध जाते आणि मौल्यवान वस्तूंत त्याला काही अर्थ असतो.

यंत्राने जुनी लबाडी मात्र संपविली नाही. २००० साली ईबेवर एका कथित थोर चित्रकाराच्या चित्रास १,३५,८०५ डॉलर बोली आली. विक्रेता व त्याचे साथीदार निरनिराळ्या नावांनी एकमेकांच्या वस्तूंवर बोली लावीत असल्याचे पुढे उघडकीस आले. मॅन्सफील्ड यांच्या काळातील भाडोत्री बोलीदाराने केवळ नाव बदलले होते. राखीव किंमत उघडपणे राखण्याची सोय असतानाही हे घडले, यावरून दोन्ही प्रकार भिन्न आहेत हेच सिद्ध होते. एकात मौन आहे, दुसऱ्यात असत्य आहे.

याहून अवघड प्रश्न जाहिरातींच्या जागांच्या यांत्रिक लिलावांनी उभा केला. तेथे एका क्षणाच्या अंशात लिलाव होतो, आणि राखीव किंमत विक्रेत्याच्या मनात नसून गणितयंत्रात असते. बोलीदाराच्या पूर्वीच्या बोली पाहून त्याच्यापुरती वेगळी राखीव किंमत ठरविणेही शक्य असते. असे गुप्तपणे केले गेले, असा आरोप अमेरिकेतील राज्यांनी गूगलविरुद्धच्या दाव्यात केला. आपली खरी कमाल किंमत प्रामाणिकपणे सांगणाऱ्या बोलीदाराचे बोलणेच अशा व्यवहारात त्याच्याविरुद्ध वापरले जाऊ शकते. येथे गुपित वस्तूच्या किंमतीचे राहत नाही. ते बोलणाऱ्याच्या स्वभावाचे होते.

६

महाराष्ट्राच्या बाजारपेठांत या प्रश्नास निराळे परिमाण आहे. धान्य व कापसाच्या व्यापारात पूर्वी ‘हत्ता’ पद्धत होती. रुमालाखाली किंवा उपरण्याखाली अडत्या व व्यापारी बोटे दाबून भाव ठरवीत. समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्यास आपल्या मालाला कोणी काय भाव दिला हे कळत नसे. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला आणि १९२७ साली मुंबई इलाख्यात कापूस बाजाराचा कायदा आला. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कृषि उत्पन्न पणन कायद्याच्या व्यवस्थेत उघड लिलाव हा बाजार समितीचा पाया ठरला. रुमाल काढून टाकणे, ही या शतकभराच्या चळवळीची साधी व्याख्या होय.

परंतु याच उघड लिलावात शेतकऱ्याजवळ एक गुप्त राखीव किंमत असतेच. हर्रासी संपल्यावर भाव पसंत नसेल तर माल न देण्याचा त्याला अधिकार आहे. तो किती भावास देईल हे तो आधी सांगत नाही, आणि सांगितले तर व्यापारी तेवढ्यावरच थांबतील हे त्याला पक्के ठाऊक असते. १४ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारने आठ राज्यांतील एकवीस बाजारांत राष्ट्रीय कृषि बाजाराची संगणकीय व्यवस्था सुरू केली. तीतही सर्वोच्च बोली स्वीकारण्याचा किंवा नाकारण्याचा हक्क शेतकऱ्याकडे ठेवलेला आहे. मोजक्या, एकमेकांस ओळखणाऱ्या खरेदीदारांसमोर उभा असलेला एकटा विक्रेता आपला आकडा झाकून ठेवतो, तेव्हा त्याला अप्रामाणिक म्हणणे अन्यायाचे होईल. नाशवंत माल परत नेण्याचे गाडीभाडे परवडत नसल्याने तो हक्क अनेकदा कागदावरच राहतो, ही गोष्ट वेगळी.

सत्ता विक्रेत्याच्या बाजूस असेल तेथे भारतीय कायदा नेमकी उलट भूमिका घेतो. थकलेल्या कर्जापोटी बँका ज्या मालमत्ता लिलावात काढतात, त्यांविषयीच्या २००२ च्या नियमांनुसार राखीव किंमत ठरवून ती विक्रीच्या सूचनेत प्रसिद्ध करावी लागते, आणि कर्जदार व बँक या दोघांच्या संमतीवाचून तिच्याखाली विक्री होऊ शकत नाही. ज्याचे घर जात आहे त्याला ते किती किंमतीच्या खाली जाणार नाही हे आधी कळावे, हा त्यातील हेतू स्पष्ट आहे. वाळूच्या लिलावांत महसूल खात्याच्या भाषेत या आकड्यास ‘हातची किंमत’ म्हणतात, आणि जुन्या लिलावांतील ‘सरकारी बोली’ तर मोठ्याने पुकारली जाई. ‘हातची’ या शब्दात मुठीत झाकून ठेवल्याचा भास असला, तरी सार्वजनिक संपत्तीच्या व्यवहारात ती मूठ उघडी असावी अशीच अपेक्षा आहे.

७

या इतिहासातून चार गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, राखीव किंमतीचे अस्तित्व लपविणे हे तिचा आकडा लपविण्याहून सर्वथा भिन्न आहे. १७७६ पासूनच्या न्यायपरंपरेने पहिले निषिद्ध मानले आहे. दुसरी, आकड्याविषयीचे मौन क्षम्य असले तरी त्या मौनाच्या आड खोटी बोली पुकारणे क्षम्य नाही. मौन बोलीदारास अज्ञानात ठेवते, तर खोटी बोली त्याला चुकीचे ज्ञान देते. तिसरी, राखीव किंमत लिलावापूर्वी ठरलेली आणि सर्वांसाठी एकच असली पाहिजे. बोलीदाराचे बोलणे ऐकून त्याच्यापुरती बदलणारी किंमत ही राखीव किंमतच नव्हे. ती बोलीदाराशी केलेली गुप्त घासाघीस आहे. चौथी, गुपिताचा हक्क दुबळ्या पक्षास ढालीसारखा द्यावा. बलवान पक्षाने तो वापरल्यास त्याने त्याचे कारण सांगावे. संघटित व्यापाऱ्यांपुढे उभा असलेला शेतकरी आणि एकाकी ग्राहकापुढे उभे असलेले गणितयंत्र यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

संगणकजालावरील लिलावांनी यांपैकी पहिली गोष्ट सभागृहांपेक्षा चांगल्या रीतीने साधली, हे मान्य केले पाहिजे. दुसरी व तिसरी त्यांना पूर्णपणे साधलेली नाही. चौथीचा विचार तर व्यवसायाच्या नियमांत सापडत नाही. तो कायद्यालाच करावा लागतो. त्या दृष्टीने भारतातील स्थिती अपुरी आहे. १९३० च्या कायद्यातील चौसष्टावे कलम हातोड्याचा आवाज ऐकू येणाऱ्या सभागृहासाठी लिहिलेले आहे. राखीव किंमत प्रत्येक बोलीदारासाठी वेगळी असू शकेल, ही शक्यताच त्याच्या रचनाकारांपुढे नव्हती. त्या कलमात ‘सर्व बोलीदारांसाठी एकच व पूर्वनिश्चित’ एवढे शब्द वाढविले, तर जुन्या न्यायतत्त्वास नव्या व्यवहारावर अंमल गाजविता येईल.